एकच चेहरा, तीन आजार : रत्नागिरीच्या पावसातलं एक प्रकरण

जुलैचा तिसरा आठवडा, दुपारचे साडेतीन, आणि दवाखान्यात लाइट नाही. रत्नागिरीत पावसाळ्यात यात नवल काही नसतं. कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि अर्धं शहर अंधारात बसतं. इन्व्हर्टरवर माझी एक ट्यूब आणि एक पंखा चालतो, सूक्ष्मदर्शकाचा दिवा त्यावर जोडलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण या प्रकरणात पुढे माझ्याकडून जी चूक झाली तिची सुरुवात त्या अंधारात आहे. सगळा दोष विजेवर ढकलणार नाही. बाहेर बाकावर चौदा माणसं होती आणि मलाही घाई होती.

पेशंट २३ वर्षांची, माण तालुक्यातल्या गावची. बँकेत नोकरी लागली आणि मेअखेरीस पहिलंच पोस्टिंग रत्नागिरीला मिळालं. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) माण म्हणजे दुष्काळी पट्टा, वर्षाला जेमतेम पाचशे मिलीमीटर पाऊस. इथे तीन हजारांच्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांत. तिने उघड्या माळावरून उचलून स्वतःला जणू भिजलेल्या गोणपाटात आणून ठेवलं होतं, आणि सोबत गावाकडच्या सगळ्या सवयी जशाच्या तशा आणल्या होत्या.

“मॅडम, गावाला चार-दोन पिंपल्स असायचे. इथे आल्यापासून तोंडभर उठलेत. सगळे म्हणतात, पाऊस उघडल्याशिवाय जाणार नाहीत.”

घरमालकीणबाई म्हणत होत्या की मासे उष्ण पडले. ही गंमत मला सोडवत नाही. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी बाजारात नावालाच. आणि ही मुलगी मुळात शाकाहारी.

काय काय लावलंस म्हणून विचारलं, तर तिने प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली तिसरी पिशवी काढली. टेबलावर मांडायला सांगितलं. अक्रोडाच्या सालींचा स्क्रब. मुलतानी माती. कोळशाचा ओढून काढायचा मास्क. तुरटीचा खडा. कोरफडीचं हिरवंगार जेल. व्हिटॅमिन सीचं सीरम, बाटलीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालेलं, म्हणजे केव्हाच हवा लागून बाद. पुदिन्याची टूथपेस्ट, जी रात्री एकेका फोडावर ठिपक्यासारखी लावली जात होती. दोन फेसवॉश, एक गुलाबपाणी, लिंबू (हे पिशवीत नव्हतं, पण यादीत होतं) आणि आईने दिलेली घाण्याच्या खोबरेल तेलाची बाटली. पिशवीत अकरा वस्तू. बारावी पर्सच्या वेगळ्या कप्प्यातून, जरा ओशाळून निघाली: अर्धी पिळलेली एक ट्यूब.

ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. डाव्या कडेला लाल रेघ, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध. रूममेटला तिच्या डॉक्टरांनी वांगावर, ठरावीक आठवड्यांसाठी दिलेलं. हिने आधी तिच्यातलं बोटभर घेतलं, मग मेडिकलमधून स्वतःची आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी अधिसूचना काढली, तेव्हा आम्हा त्वचारोगवाल्यांना केवढा आनंद झाला होता. काउंटरवर मात्र अजूनही “गोरं व्हायची ट्यूब द्या” एवढं पुरतं.

“पहिले आठ दिवस इतकं छान झालं ना मॅडम, सगळे बसले.”

बसणारच. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे, ते सूज आणि लाली दाबतं. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो. त्याच काळात कातडी पातळ होत जाते, खालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि तिथली रोगप्रतिकारशक्ती झोपी जाते. मग लावलं नाही तर आग होते, लावलं तर बरं वाटतं, आणि माणूस अडकतो. तिची ट्यूब पाच आठवडे चालू होती.

मोबाइलचा टॉर्च धरून चेहरा पाहिला. गालांवर आणि हनुवटीवर काळे ठिपके, पांढरे बारीक दाणे, लाल फोड, चार-पाच पू झालेले. गालांची कातडी चकचकीत, गुलाबी, बोट लावलं तर चुरचुरणारी. कपाळावरही बारीक पुळ्या होत्या. पाळी नियमित होती, हनुवटीवर राठ केस नव्हते, वजन अचानक वाढलेलं नव्हतं, म्हणून हार्मोनच्या तपासण्यांत तिला घातलं नाही. कागदावर लिहिलं: मध्यम स्वरूपाचे मुरुम, आणि स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. “कपाळाला खाज येते” असं ती म्हणाली होती. ते मी ट्यूबच्या खात्यात टाकलं आणि पुढे गेले. छाती-पाठ पाहिलीच नाही.

पाऊस आणि तेल

पुढचं समजण्यासाठी आपल्या हवेत कातडीचं काय होतं ते थोडं सांगायला हवं.

मुरुम होतात ते केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीच्या नळीत. नळीच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल यांचा बूच बसतो, आत तेल साठतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचे जिवाणू पोसतात, शरीर त्याला प्रतिकार करतं, लाल फोड येतो. बूच बसण्यापासून फोड डोळ्यांना दिसेपर्यंत सुमारे आठ आठवडे जाऊ शकतात. म्हणजे आज जो फोड आरशात दिसतो त्याचा पाया दोन महिन्यांपूर्वी पडलेला असतो, आणि काल खाल्लेल्या भज्यांना त्याबद्दल शिव्या घालणं अन्यायाचं आहे.

कातडीचं तापमान एका अंशाने वाढलं तर बाहेर येणारं तेल साधारण दहा टक्क्यांनी वाढतं, हे मोजमाप १९७०च्या सुमाराचं आहे. रत्नागिरीत जुलैत उन्हाळा नसतो, पण हवेत पाण्याची वाफ इतकी भरलेली असते की घाम वाळत नाही. तो चेहऱ्यावरच बसतो. वरची मृत कातडी तो पिऊन फुगते, पाण्यात फार वेळ हात ठेवल्यावर बोटं सुरकुततात त्याच जातीचा प्रकार, आणि फुगलेल्या कातडीने नळीचं आधीच अरुंद तोंड आणखी आवळलं जातं. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडच्या जंगलांत लढणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या पाठी अशाच फोडांनी भरल्या होत्या, पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकनांच्या. काहींना तर त्यापायी थंड हवेत परत पाठवावं लागलं. हिला बदली मागायला मी सांगू शकत नव्हते.

या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नसती. ती दिवसातून सात वेळा तोंड धूत होती. का? “इथलं पाणीच विचित्र आहे, साबण निघतच नाही.” गावाकडे बोअरचं जड पाणी, साबणाचा चुन्याशी साका होतो, कातडी करकरीत होते, आणि करकर वाजली की धुतलं गेलं अशी आपली समजूत. कोकणातलं पाणी मऊ. साबण पूर्ण निघाला तरी हाताला बुळबुळीत लागतं. तिला वाटायचं तेल राहिलं, मग पुन्हा साबण. साध्या साबणाचा पीएच ९ ते १०, कातडीचा ५च्या आसपास. रोज सात वेळा हा धक्का, वर स्क्रब, वर लिंबू, ज्याचा पीएच २च्या घरात. कातडीवरचा संरक्षक थर राहील तरी कसा?

पहिल्या भेटीत दिलेली यादी त्यामुळे बहुतांशी बंदची होती. बाराच्या बारा वस्तू, आणि लिंबूही, चेहऱ्यावर बंद. सकाळी आणि संध्याकाळी साबण नसलेला सौम्य क्लीन्झर, एवढंच. मधे चिकट वाटलं तर नुसतं पाणी मारून टिपायचं. जेलसारखा हलका, तेलविरहित मॉइश्चरायझर. यावर तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. तेलकट चेहऱ्याला वर मॉइश्चरायझर कशाला? कारण तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या गालावर तेल भरपूर होतं आणि थर फाटल्यामुळे आतलं पाणी उडून जात होतं, म्हणून चुरचुर.

सकाळी जेलचं सनस्क्रीन, एसपीएफ ३०. “ऊन कुठाय?” हा प्रश्न मला पावसाळाभर ऐकावा लागतो. ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत प्रत्येक फोडामागे काळा डाग उरतो आणि त्या किरणांनी तो अधिक गडद होऊन रेंगाळतो. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहाजणी खरं तर फोडांनी नव्हे, डागांनी रडकुंडीला आलेल्या असतात.

फोडांसाठी आणि ट्यूब बंद केल्यावर येणाऱ्या उसळीसाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. डोस मुद्दाम लिहीत नाही. लिहिला की उद्या कोणीतरी मेडिकलच्या काउंटरवर मोबाइल धरून उभं राहणार. ही गोळी ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी लागते आणि लगेच आडवं व्हायचं नसतं, नाहीतर अन्ननलिकेत अडकून चांगलीच जळते, हे मात्र लिहून ठेवते. पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड भाजल्यासारखं होईल, ट्यूबची आठवण येईल, तेव्हा लावू नकोस, असंही बजावलं.

पाचव्या दिवशीच फोन आला. “मॅडम, एकदाच लावू का? उद्या शाखेत इन्स्पेक्शन आहे.” थंड पाण्यात बुडवलेल्या सुती फडक्याच्या घड्या ठेव म्हणाले. तिने नाही लावलं. इन्स्पेक्शनला लालभडक तोंडाने बसली. या साऱ्या प्रकरणात सर्वांत अवघड काम तिने त्या दिवशी केलं असं मला वाटतं. बाकीचं औषधांनी केलं.

हेल्मेट

तीन आठवड्यांनी, नारळी पौर्णिमेच्या आसपास, ती परत आली. लाइट होती. गाल उतरले होते. लाली निम्म्यावर, पू झालेले फोड गेलेले. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते तोवर तिने केस मागे घेतले.

कपाळ भरलं होतं. पहिल्यापेक्षा जास्त.

आणि या वेळी उजेडात जे दिसलं ते जुलैत दिसायला हवं होतं. कपाळावरच्या सगळ्या पुळ्या एकाच मापाच्या, मोहरीएवढ्या, एकीसारखी दुसरी. मुरुमांची वस्ती अशी नसते. तिथे काळे ठिपके, पांढरे दाणे, लहान-मोठे फोड असा मिश्र बाजार असतो. कपाळावर एकही काळा ठिपका नव्हता. पुळ्या भुवयांच्या वरपासून केसांच्या कडेपर्यंत, पट्ट्यासारख्या. आणि खाज. मुरुम दुखतात, ठणकतात. संध्याकाळी घाम आल्यावर खाजत बसत नाहीत.

“छातीवर, पाठीवर काही?”

“तिथे घामोळं आहे, ते पावसाळ्यात होतंच ना.”

घामोळं नव्हतं. कपाळावरच्याच पुळ्या खाली उतरल्या होत्या.

एका पुळीचं डोकं सुईने उचकटून, आतला कण काचपट्टीवर घेऊन, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्याने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तशीच राहते. दहा मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल, जाड कवचाच्या पेशी, काहींना बाजूला कोंब फुटलेला, घडाने बसलेल्या. मॅलासेझिया, यीस्ट जातीची एकपेशी बुरशी. हिच्या फोडांना हल्ली इंटरनेटवर ‘फंगल अॅक्ने’ म्हणतात. नाव चुकीचं आहे, हे मुरुम नव्हेत, केसाच्या मुळाशी झालेला यीस्टचा संसर्ग आहे. पण पेशंटला समजतं म्हणून मीही तोंडाने तेच म्हणते.

ही यीस्ट आपल्या सगळ्यांच्या अंगावर राहते. कोंडा होतो त्यातही तिचा हात असतो. तिला स्वतःला लागणारी सगळी स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून ती तेलकट जागी राहते आणि आपल्या तेलावर जगते. ऊब, ओल आणि तेल मिळालं की ती फोफावते. आता गेल्या अडीच महिन्यांकडे तिच्या बाजूने पाहू. खोबरेल तेल रोज रात्री, केसांच्या मुळांना. ते वितळून कपाळावर येतं, आणि त्यातलं लॉरिक आम्ल नेमकं तिच्या पचनी पडणाऱ्यांपैकी. पहारा झोपवायला ट्यूबमधलं स्टेरॉइड. आणि शेजारचे जिवाणू मारून जागा मोकळी करून द्यायला माझी डॉक्सिसायक्लिन.

म्हणजे गालांवर जे औषध होतं ते कपाळावर खत ठरलं. मुलीने ‘पिंपल्स’ म्हटलं, मी ‘मुरुम’ लिहिलं, आणि त्या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार शेजारी शेजारी बसले होते: खरे मुरुम, स्टेरॉइडची इजा आणि यीस्ट. तिला मी स्पष्ट सांगितलं की कपाळाचं निदान माझ्याकडून हुकलं आणि गोळ्यांनी ते वाढलं. ती म्हणाली, “म्हणजे मी नीटच लावत होते ना?” तीन आठवडे ती स्वतःलाच दोष देत होती.

मग माझी नजर टेबलाच्या कोपऱ्यावर गेली. तिने आल्या आल्या हेल्मेट तिथे ठेवलं होतं. उचलून आत बोट घातलं. अस्तर चिंब. दाबलं तर बोटाला पाणी लागलं. वास म्हणाल तर पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीचा, त्यात खोबरेल. कपाळावरच्या पट्ट्याची वरची कड आणि हेल्मेटच्या अस्तराची कड, दोन्ही एकाच रेषेत होत्या.

रोज सकाळी आठला ती न्हाऊन, ओले केस अंबाड्यात बांधून, वर ते ओलं हेल्मेट चढवून अकरा किलोमीटर स्कूटीवर शाखेत जात होती. रेनकोटची कॉलर गळ्यापर्यंत बंद, आत घाम. संध्याकाळी तेच उलट. हेल्मेट जूनमध्ये एकदा भिजलं ते वाळलंच नव्हतं. खोलीत दोरीवर कपडे, खिडकी बंद, टॉवेल एकच. त्यानेच अंग, त्यानेच तोंड.

दुसरी चिठ्ठी

डॉक्सिसायक्लिन बंद. किटोकोनॅझोल २ टक्क्यांचा कोंड्यावरचा शाम्पू हाच चेहऱ्याचा साबण: कपाळ, केसांची कड, छाती, पाठ यांवर फेस करून पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा, सुरुवातीला रोज. पाच मिनिटं हीच या उपायाची मेख आहे. लावून लगेच धुतलं तर शाम्पू नाल्यात जातो आणि यीस्ट जागेवर राहते. छाती-पाठीवर पसरलं होतं म्हणून थोडे दिवस बुरशीविरोधी गोळ्याही दिल्या, इतर औषधं कुठली चालू नाहीत ना आणि यकृताचा त्रास नाही ना हे विचारून.

गालांच्या खऱ्या मुरुमांसाठी आता थर जरा सावरल्यामुळे अॅडापलीन ०.१ टक्के सुरू करता आलं. वाटाण्याएवढं, सगळ्या गालांना मिळून, एकाआड एक रात्री. ते फोडावर ठिपका लावायचं औषध नव्हे. नळीचा बूच बसूच नये यासाठी ते सगळीकडे पसरून लावायचं असतं, आणि गरोदरपणात किंवा तशी तयारी असताना वापरायचं नसतं. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. ‘पाच टक्के द्या, लवकर जाईल’ असं तीही म्हणाली, सगळेच म्हणतात. २.५ टक्क्यांनी तेवढंच काम होतं, सोलणं मात्र कमी होतं. शिवाय जिवाणूंना याची सवय लागत नाही, जी प्रतिजैविकांच्या मलमांची लागते. म्हणून क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक मलम एकटं कधी वापरू नये.

एवढी औषधं लिहायला चार मिनिटं लागली. पुढची वीस मिनिटं हेल्मेट, टॉवेल आणि तेल यांत गेली.

हेल्मेटचं अस्तर निघणारं होतं, तिला ते माहीतच नव्हतं. तिथल्या तिथे ओढून काढून दाखवलं. दर रविवारी धुवायचं, शाखेत पोचल्यावर हेल्मेट उलटं करून पंख्याखाली ठेवायचं, आत रोज वेगळा सुती रुमाल बांधायचा. पाच रुमाल पुरे. टॉवेल दोन, तोंडाचा वेगळा आणि छोटा, म्हणजे वाळतो तरी. न वाळल्यास इस्त्री. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा. केस रात्री धुवायचे, सकाळी ओले बांधायचे नाहीत.

तेलावर मात्र गाडी अडली. “आईला तुम्हीच सांगा,” म्हणून तिने फोन लावून माझ्या हातात दिला.

“अहो मॅडम, त्याल न्हाय लावलं तर डोस्कं तापंल की पोरीचं. केस गळून जातील.”

“तेल बंद नाही करत हो आई. न्हायच्या आधी दोन तास लावू दे. केसांना लावू दे, मुळांना आणि कपाळाला नको. मग धुऊन टाकू दे. रात्रभर डोक्यात नको.”

“मग ते लावलं काय आन् न्हाय काय.”

हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या बिनतोड होता, मी गप्प बसले. पण त्यांनी ऐकलं. दोन तासांचा तह झाला.

आहाराबद्दल थोडक्यात. ज्या पदार्थांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते त्यांचा आणि काही प्रमाणात दुधाचा मुरुमांशी संबंध दिसतो. तिखट-तेलकटाबद्दल तसं ठामपणे म्हणता येत नाही. ती दिवसाला सहा कप गोड चहा घेत होती. तीनवर आण म्हणाले, ती चारवर आली.

गणपतीनंतर

खाज दहा दिवसांत गेली. गणपतीत तिने फोटो पाठवला, आरतीचं तबक हातात, कपाळ साफ. गाल मात्र बिघडले होते. अॅडापलीनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आत दडलेले मुरुम भराभर वर येतात. सांगून ठेवलं होतं, तरी आरशासमोर सांगितलेलं आठवत नाही. “मोदकांमुळे का?” विचारत होती. एकवीस खाल्ले असते तरी हे त्यांचं काम नव्हे, म्हणून कळवलं. गाल सोलत होते तर औषध तीन रात्रींतून एकदा कर, आधी मॉइश्चरायझर, त्यावर अॅडापलीन आणि वर पुन्हा मॉइश्चरायझर असं लाव, म्हणाले. आमच्या बोलीत याला सँडविच म्हणतात.

सप्टेंबरअखेरीस, म्हणजे सातव्या आठवड्यात, नवे फोड थांबले. शाम्पू आठवड्यातून दोनदावर आणला, आणि पाऊस असेपर्यंत तेवढा चालूच ठेवायला सांगितला, कारण ही यीस्ट अंगावरून हद्दपार होत नाही, फक्त तिचा माज उतरवता येतो. बेन्झॉइल पेरॉक्साइडने तोंडाच्या टॉवेलवर पांढरे-नारिंगी डाग पडले. आईने सुट्टीत पाहिले तर ओरडेल म्हणून तिने दोन पांढरे पंचे घेतले. पांढऱ्यावर डाग दिसत नाहीत. ही युक्ती तिची, मी आता सगळ्यांना सांगते.

गालांवरच्या रक्तवाहिन्यांची जाळी ऑक्टोबरपर्यंत बरीच विरली, पुरती गेली नाही. डाग फिके होत होते. ते काम महिन्यांचं असतं आणि त्याची तिला कल्पना दिली होती. व्रण मात्र दोनच, उजव्या गालावर, कोळशाचा मास्क ओढून काढला तिथले. ते राहतील. पिशवीतल्या अकरा वस्तूंचा आणि ट्यूबचा हिशेब तिने बँकवालीच्या शिस्तीने केला होता, तीन हजार चारशे रुपये. माझी फी आणि औषधं धरून त्यापेक्षा कमी खर्च आला, हे तिने मला दोनदा ऐकवलं.

दिवाळीला ती गावी गेली आणि चौथ्या दिवशी फोन आला. तोंडाचे पापुद्रे निघत होते, हसलं की ओठांच्या कडा चिरत होत्या. औषधं तीच, वेळा त्याच. हवा माणची होती: सकाळी गारठा, दुपारी कोरडा वारा, बोअरचं जड पाणी. सकाळचं औषध बंद कर, अॅडापलीन आठवड्यातून दोनदा, क्लीन्झर फक्त रात्री, मॉइश्चरायझर जेलऐवजी घट्ट क्रीमचा घे, असं सांगितलं. मागून आईचा आवाज आला, “इचार, आता तरी त्याल लावू का?”

हातापायांना लावा म्हणाले, हवं तेवढं. परतताना ती गावाहून येणारी एसटी चुकवून खाजगी गाडीने आली, आणि सोमवारी शाखेत जायच्या आधी माझ्याकडे कोरडं, धुतलेलं अस्तर घातलेलं हेल्मेट दाखवायला थांबली. रत्नागिरीत तेव्हा पाऊस नव्हता, पण हवा ओलसर होतीच. अॅडापलीन दोन दिवसांनी पुन्हा एकाआड एक रात्री लावायला सांगितलं, जेल पुन्हा सुरू केलं, आणि पुढची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली लिहिली.